डॅशबोर्डवर स्वस्तिक काढायचं कुठं?

मंडळी, आज सकाळी आमच्या हर्सूलच्या घरी नवी गाडी आली आणि पाचच मिनिटांत मी केसांपासून शर्टापर्यंत लाल झालो.

गाडी कुठलीही असो, आई डॅशबोर्डवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढतेच. या गाडीत मात्र डॅशबोर्ड म्हणजे नुसती स्क्रीन. मी स्टिअरिंगवर, गाडी चालू. आई शेजारी बसली, डाव्या हातात पूजेचं ताट धरलं आणि सरळ स्क्रीनवरच बोट फिरवलं.

दुसऱ्या रेघेला गाणं दणाणलं. तिसऱ्या रेघेला एसीचा पंखा फुल्ल! ताटातलं कोरडं कुंकू उडालं ते थेट माझ्या तोंडावर.

"मोडली काय रं गाडी?" आईचा चेहराच पडला.

मामांनी खिडकीतून डोकं आत घातलं. त्यांनी गंगापूर रोडला वीस वर्षं जीप चालवलीय.

"पंख्याचं बटण कुठंय?"

"स्क्रीनमधी, मामा."

"आन् स्क्रीन?"

"कुंकवाखाली."

"माझ्या जीपमधी डोळे झाकून बटण सापडायचं. हितं उघड्या डोळ्यानं बी सापडंना!"

मी फडकं शोधत होतो. तेवढ्यात आईनं हात लांब करून स्टिअरिंगजवळचं चालू-बंदचं बटण दाबलं. सगळं गप्प.

मग तिनं त्याच बटणाला कुंकवाचं बोट टेकवलं. म्हणाली, "एवढं एकच माणसाच्या कामाचं ठेवलंय बघ."

तुमच्या गाडीत न बघता हाताला सापडणारी बटणं किती उरलीत? मोजून सांगा. आमच्याकडं एक आहे, आणि त्याची पूजा झालीय.