ओहोटीवर चालून येणारा वारा

इंग्लंडातल्या लिमिंग्टन गावच्या धक्क्यावर ग्लेनिस आली की कोणी ना कोणी म्हणायचंच, "आलं बघा हवामान खातं." दोन हिवाळे दर मंगळवारी शिडाच्या होड्यांच्या क्लबच्या गारठलेल्या खोलीत बसून बाई वाऱ्यापावसाचं शास्त्र शिकली, परीक्षा पास झाली, आणि पदरात काय पडलं तर ही टिंगल. होडीवर शब्द चालायचा नवऱ्याचा, क्लाइव्हचा. कारण तो कप्तान. नेमलं कोणी? त्यानंच.

त्या रविवारी क्लबच्या होड्या नदीतून खाडीत आणि खाडीच्या तोंडातून बाहेर पडून स्टडलंडच्या किनाऱ्यावर जेवायला जाणार होत्या. रेडिओनं सकाळीच सांगितलं होतं, नैऋत्येचा वारा, जोर बारापैकी पाच.

"पाच म्हणजे काहीच नाही," क्लाइव्ह म्हणाला. "वर ओहोटी फुकटात ढकलत नेईल."

"तीच तर भीती आहे. परवा पौर्णिमा झाली. पाणी बाहेर धावणार आणि वारा समोरून त्याच्यावर येणार. तोंडाशी लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतील. ओहोटी संपेपर्यंत थांब."

"रेडिओवाल्यानं भिंतींचं नाव तरी काढलं का?"

"तो वारा सांगतो. पाण्याचा हिशेब आपण करायचा असतो. तेवढ्यासाठीच शिकले ना मी."

शेजारच्या होडीतून रॉडनी ओरडला, "क्लाइव्ह, बाईसाहेबांची परवानगी मिळाली की कळव रे." सगळा धक्का हसला. क्लाइव्हही हसला. रॉडनीची बायको हिलरी तेवढी खाली मान घालून दोर गुंडाळत राहिली.

ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. होड्या सुटायच्या गडबडीत, कोणाच्या ध्यानात यायच्या आत तिनं इंजिनाची किल्ली काढली, कोटाच्या खिशात टाकली आणि सरळ धक्क्यावर उतरली. त्या चिंचोळ्या नदीतून इंजिनाशिवाय होडी बाहेर काढणं क्लाइव्हच्या बापालाही जमलं नसतं.

"किल्ली दे, ग्लेनिस," क्लाइव्ह दबक्या आवाजात म्हणाला. "लोकांना कळेल."

"कळू दे. एवढी हौस असेल तर पोहत जा."

बाकीच्या होड्या गेल्या. संध्याकाळी रॉडनीची होडी बचावनौकेनं ओढत आणली, डोलकाठी मोडलेली. हिलरीचा हात मनगटात मोडला होता.

क्लबच्या बारमध्ये रॉडनी घोंगडी पांघरून बसला होता. "तू गेला नाहीस ते बरं केलंस रे," तो क्लाइव्हला म्हणाला.

क्लाइव्हनं बिअरचा घोट घेतला. "मला लक्षणं बरी दिसेनात. इतक्या वर्षांचा अनुभव, दुसरं काय." कोणीतरी त्याची पाठ थोपटली.

ग्लेनिस त्याच्या मागेच उभी होती. तो वळून आपल्याकडे बघेल म्हणून ती थांबली. तो मेला बघेना. मग तिनं खिशातून किल्ली काढून त्याच्या ग्लासापाशी आपटली.

"हा तुझा अनुभव. दिवसभर माझ्या खिशात होता. सांग त्यांना."

कोणी हसलं नाही. कोपऱ्यात हात गळ्यात बांधून बसलेली हिलरी हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं रॉडनीला, ग्लेनिसचं ऐकू या. मला म्हणाला, तू गप्प बस."