वस्तरा आणि दोन रेघा

माझा उजवा हात थरथरतो हे वर्षभर मी कुणाला कळू दिलं नव्हतं. सलूनवाल्याचा हात हलतो म्हटल्यावर वस्तऱ्याखाली मान कोण देणार? पण आमच्या धंद्यात एक सोय आहे. करंगळी गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवायची, श्वास रोखायचा आणि पातं फिरवायचं. हात गप्प बसतो.

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसातनं दहा वेळा कंगवे उचलायचो, परत मांडायचो. कोण वस्तऱ्याकडं बघतंय का, ते आरशातनं बघायचो. त्यात आमचे शाळेतले जुने मास्तर. दर रविवारी दाढीला येणारा माणूस, आता नुसती मिशी कातरून घ्यायचा. दाढी घरी करायचे, आणि हनुवटी दरवेळी कापलेली. मी खवळायचो.

"मास्तर, दाढी करताय का ऊस तोडताय?"

"हौस हाय की," म्हणून ते हसायचे.

शेवटी माझ्या हातातनं चहाची कपबशी पडली आणि बायकोनं मला शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडं ओढतच नेलं. तिथल्या मुलीला माझ्या हातावर तारांच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या. त्यासाठी केस काढायला तिनं प्लास्टिकचं रेझर घेतलं आणि कोरड्या कातडीवर उलटं फिरवलं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "आण हिकडं!" म्हटलं. पाणी मागितलं, साबण मागितला आणि डाव्या हातानं उजवा हात मीच भादरला. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

बोटालाही थरथर मोजणारं एक बटण चिकटवलं. स्क्रीनवर दोन रेघा आल्या. वरची हाताच्या थरथरीची, खालची स्नायूतल्या विजेची. डॉक्टर हात समोर धरा म्हणाले, धरला. दोन्ही रेघा जवळजवळ सरळ!

"बघा, काय न्हाय की!" मी ओरडलो.

"पावणं, करंगळी कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

करंगळी टेबलाच्या कडेला टेकलेली होती. श्वासही रोखलेला. आईशप्पथ, माझं मलाच कळलं नव्हतं.

उचलली. खालच्या रेघेत विजेचा झुबका उठला की वरची रेघ उसळायची, दरवेळी, एकदाही न चुकता. डॉक्टर म्हणाले, नुसता थकवा असता तर दोन्हींचा ताल असा जुळला नसता. हुकूमच मेंदूकडनं येतोय, हात बिचारा पाळतोय. जिवाला धोका नाही. गोळीनं कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

"आणि वस्तरा?"

"गळ्यावर नको."

रविवारी मास्तर आले. हनुवटीवर ताजा काप. मी कात्री खाली ठेवली आणि एकदाचं बोलून टाकलं, "मास्तर, माझा हात थरथरतोय."

"ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"चार म्हैनं झालं."

आमच्या गावात माणूस जाड झाला तरी लोक भर चौकात ओरडून सांगतात. आणि हा बाबा चार महिने गप्प बसून स्वतःची हनुवटी कापून घेत होता! मला राग आला, आणि डोळ्यात पाणीही आलं.

त्या कापावर लावायला तुरटी ओली केली. करंगळी त्यांच्या गालाला लावायला गेलो, तेवढ्यात मीच ती आखडून घेतली. हात हलत होता तसाच पुढं नेला.

मास्तरांनी डोळे मिटले आणि मान वर केली.