आत्याची मूळची गाडी

जगातली प्रत्येक वस्तू जन्मताना बरोबर होती आणि नंतर माणसांनी तिचं मातेरं केलं, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला ठाऊक आहे, आणि ती माझी आत्या आहे. तंजावरच्या पाटबंधारे कचेरीत तिने तीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढले. कालवा नकाशाप्रमाणे वाहत नसेल तर चूक कालव्याची, हा तिथला शिरस्ता ती निवृत्त होताना घरी घेऊन आली. मिक्सरचं नवं बटण जुन्यापेक्षा पांढरं दिसतं म्हणून तिने ते पिवळं पडेपर्यंत गच्चीवर उन्हात ठेवलं होतं. मी मिशी काढली तेव्हा घरच्यांनी बरं दिसतंय म्हणून सोडून दिलं. आत्या मात्र यातला मूळचा मी कोणता, या विचारात पडली. मिशीवाला म्हणावा, तर जन्मताना मिशी नव्हती. दोन दिवस ती माझ्याकडे नुसती बघत होती, आणि मलाही आरशात स्वतःविषयी शंका येऊ लागली होती.

अशा आत्याने आजोबांची मोटार मूळ रूपात आणायची ठरवलं, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं. गाडी तिरुवैयारुला नारळाच्या बागेतल्या शेडमध्ये पडून होती. आजोबा गेल्यावर काकांनी तिच्यात डिझेलचं इंजिन घातलं, टपावर लोखंडी कॅरिअर ठोकलं आणि बरीच वर्षं नारळ वाहिले. आत्याने ती राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ओढून आणवली आणि एका म्हाताऱ्या मेस्त्रीला हाताशी धरून शेडच्या कोपऱ्यात सापडलेलं मूळचं इंजिन परत बसवायला घेतलं. चेन्नईला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. कारखान्यातून निघाली तशीच असलेली गाडीच तिथे घेत. आजोबांची गाडी त्या रांगेत उभी राहावी, एवढीच तिची इच्छा होती.

पहिला घोळ रंगाचा झाला. मेस्त्रीने दार घासलं तर पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली तपकिरी, आणि तपकिरीखाली जे निघालं ते आत्याला हिरवं वाटलं, मेस्त्रीला राखाडी. जुना फोटो होता, पण कृष्णधवल. मग तिने सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. कुंभकोणमची मावशी म्हणाली, गाडी काळी होती. काका म्हणाले, लाल. एका दूरच्या मामांनी बराच विचार करून सांगितलं, की आजोबांकडे गाडी नव्हतीच, घोडागाडी होती. आत्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि ती वही घेऊन रसम निवेपर्यंत पानावर बसून राहिली.

शेवटी तिने परदेशातून त्या गाडीचं पुस्तक मागवलं. पुस्तकात हिरवा निघाला आणि दोन दिवस घरात सण असल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने मागच्या सीटचं पान उघडलं. चित्रात सीट सलग होती. आमच्या गाडीची सीट मधोमध तोडलेली होती, आणि तिथे मोठ्या घागरीचा तळ बसेल एवढी गोल खोबण होती. मी म्हटलं, काकांनी नारळासाठी कापली असेल. ती म्हणाली, छे, लहानपणी मी याच खोबणीशेजारी बसत होते, पुस्तकच चुकलंय. तिने चेन्नईहून पुस्तकाबरहुकूम नवी सीट मागवली आणि त्याच बैठकीत पुस्तक छापणाऱ्यांना त्यांची चूक कळवणारं पत्रही लिहायला घेतलं. यातलं तिला नेमकं काय हवं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

नवी सीट बसवायला मेस्त्रीने जुनी बाहेर काढली. ती उलटी करून त्याने खोबणीच्या काठावरून बोट फिरवलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, हे कंपनीचं काम नाही. हाताच्या करवतीने कापलंय. पण कातडं मूळचंच आहे, काठावर दुमडून बारीक खिळे मारलेत. गाडी नवी असतानाच कुणीतरी फार जपून केलंय."

आत्या खाली बसली. लहानपणी ती दर शनिवारी आजोबांबरोबर तिरुवैयारुला वीणा शिकायला जाई. वीणेचा गोल घडा त्या खोबणीत बसे आणि दांडी पुढच्या दोन सीटांच्या मधून पुढे जाई. आजोबा कडक माणूस. या गाडीला सख्ख्या भावाला हात लावू देत नसत. मुलीच्या वाजवण्याबद्दल त्यांनी कधी बरं-वाईट एक अक्षर काढलं नाही, आणि त्यांना ते आवडत नाही असं धरूनच पुढे नोकरी लागल्यावर आत्याने वीणा सोडली होती.

"मला वाटायचं, अस्क्या गाड्या अशाच अहेत," ती म्हणाली. अस्क्या म्हणजे सगळ्या. आमची तंजावरची मराठी. "कंपनीच वीणेला जागा ठेवून देते, असं वाटायचं मला."

प्रदर्शनाच्या अर्जात, गाडी मूळ स्वरूपात आहे काय, असा प्रश्न होता. आत्या पेन घेऊन सकाळभर त्याच्यासमोर बसली. हो म्हणावं तर पुस्तक आड येत होतं, नाही म्हणावं तर हात धजत नव्हता. अर्ज गेलाच नाही. मेस्त्रीने जुनी सीट होती तशी परत बसवली.

पोंगलनंतर गाडी सुरू झाली. आम्ही तिरुवैयारुला निघालो. आत्या चालवत होती, मी मागे. केळ्यांची पिशवी मी सहज त्या खोबणीत ठेवायला गेलो. आत्याने आरशातून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तिथे नको ठेवूस रे." मी पिशवी मांडीवर घेतली. कावेरीचा पूल येईपर्यंत पायाला मुंग्या आल्या, तेव्हा मी पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.