ओटीतला मकबरा

आमच्या घरातून कुणी रिकाम्या हातानं गेलेलं माझ्या बायकोला चालायचं नाही. ती पाचोडची. तिच्या माहेरी निघालेल्या सवाष्णीची ओटी भरल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू देत नसत, आणि ती रीत तिनं आमच्या दोन खोल्यांच्या घरातही आणली. मी वाळूजला एका कंपनीत होतो. तिथं बदलीवर येणारे लोक कुठकुठले असायचे, बिहारचे, ओडिशाचे, तामिळनाडूचे. पुन्हा बदली झाली की त्यांच्या बायकांना ही जेवायला बोलवायची, पाटावर बसवायची आणि ओटी भरायची. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण आणि या सगळ्यावर प्लास्टिकच्या डबीतला पांढराशुभ्र बीबी का मकबरा.

मकबऱ्याच्या फाटकाबाहेर गाड्यांवर मिळतात ना, प्लास्टरचे, तळाला सोनेरी रंगात औरंगाबाद लिहिलेले, तेच. डझनानं आणून ती कपाटावर रचून ठेवायची. ओटी म्हणजे काय हेच ठाऊक नसलेल्या त्या बायका बिचाऱ्या ओढणी पसरून बसायच्या आणि त्यात अलगद मकबरा येऊन पडायचा.

माझ्या थोरल्या बहिणीनं एकदा हे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, कबर हाय ती! सवाष्णीच्या ओटीत कबर घालतीस व्हय?"

मला वाटलं, आता हिची बोलती बंद. पण ही जागची हलली नाही.

"वन्सं, लेकानं आईसाठी बांधलीय ती. पोटच्या पोरानं. ओटीत घालायला याच्याहून चांगलं काय असतंय?"

  पुढं मी बायकोला चिडवायचो की, गावातले सगळे मकबरे तू परमुलखात धाडणार आणि इथं फक्त खरा तेवढा उरणार. "त्यो उचलत नाय म्हणून," असं म्हणून ती हसायची.

आम्हाला एकच मुलगा. तो कॅनडाला निघाला तेव्हा पंचाईत झाली, कारण मुलाची ओटी भरत नाहीत. म्हणून तिनं एक मकबरा त्याच्या बॅगेत स्वेटरच्या घडीत नीट बसवला. मुलानं बॅग वजनकाट्याला अडकवून उचलली तर वजन जास्त भरलं. मग उपसाउपशी सुरू झाली. लोणच्याची बरणी निघाली, चिवडा निघाला, मकबराही निघाला. काढण्याच्या घाईत डबी आपटली आणि आत एका मिनाराचं टोक मोडलं, ते त्याला कळलंसुद्धा नाही.

"आई, हा पुढच्या वेळी नेतो गं."

"ने की. जागा झाली की ने. लई घाई नाय."

तो गेल्यावर तिनं मोडका तुकडा डिंकानं चिकटवला. जरा वाकडाच बसला. कपाटावरचे बाकीचे मकबरे येत राहिले, जात राहिले, पण या डबीला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. "ह्यो त्याचा हाय," एवढंच म्हणायची. मुलगा सुट्टीवर आला की परतीच्या दिवशी ती डबी खाली काढायची, पदरानं पुसायची आणि त्याच्या बॅगेशेजारी ठेवायची. तोंडानं काही बोलायची नाही. प्रत्येक वेळी बॅग भरलेली असायची. तो गेला की ती डबी पुन्हा वर ठेवायची, आणि मला तिच्या पाठीकडे बघवायचं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. मुलगा धावत आला, सगळं स्वतःच्या हातानं केलं, लहान पोरासारखा रडला. पोरगं वाईट नाही, हे मी आधीच सांगतो. मग तो परत गेला आणि डबी कपाटावरच राहिली.

यंदा औरंगपुऱ्याजवळ काही तरुण चित्रकार आणि डिझायनर मुलामुलींनी एक प्रदर्शन भरवलं. आपल्या शहरातून लोक आठवण म्हणून काय काय घेऊन जातात, असा विषय. लोकांनी घरातल्या वस्तू आणून द्याव्यात, असं त्यांनी कळवलं होतं. मी डबी घेऊन गेलो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, वस्तूबद्दल एक ओळ सांगा ना."

"आईनं मुलासाठी घेतलेला," मी म्हणालो. तिनं नाव विचारलं, मी नको म्हणालो.

वर्षश्राद्धाला मुलगा येणार होता. त्याला तिथं न्यायचं, काचेसमोर उभं करायचं आणि तो ओळखतो का ते पाहायचं, एवढंच माझ्या मनात होतं. त्यानं फक्त म्हणावं, बाबा, हा तर आपला. मला दुसरं काही नको होतं.

तो आला, श्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. विटलेली हिमरू शाल चौकटीत टांगली होती. अजिंठ्याजवळ विकतात ते चमकणारे दगड होते. कुणी साबणाचा मकबरा करून ठेवला होता आणि येणाऱ्यांनी त्या साबणानं हात धुवायचे होते. याला कला म्हणतात म्हणे. मी काही हात धुतले नाहीत. मुलगा मात्र खुशीत होता, फोटो काढत होता.

आमची डबी शेवटच्या खोलीत होती. काळ्या कापडावर, वरून दिवा सोडलेला. तो वाकला. चिठ्ठी त्यानं मोठ्यानं वाचली.

"आईनं मुलासाठी घेतलेला. किती छान, नाही? मिनार वाकडा आहे बघा, बाबा."

त्यानं फोटो काढला आणि तो पुढं गेला.

 सांगितलं असतं तर त्याला सगळं आठवलं असतं, मिठी मारून रडलाही असता. पण मला ते सांगून नको होतं. मी काचेत बघत उभा राहिलो आणि मला तिची फार आठवण आली.

दाराशी फ्रीजवर चिकटवायचे मकबरे विकायला होते. त्यानं ऑफिसातल्या लोकांसाठी ओंजळभर घेतले. "हे बरं आहे, बाबा. वजनच नाही, कितीही न्या." घरी आल्यावर त्यातला एक त्यानं आमच्या फ्रीजवर लावला.

"आपल्या घरात आपल्या शहराचं काहीच नाही," तो म्हणाला. "आई सगळं वाटूनच टाकायची." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. मी मान हलवली.

तो गेला त्या दिवशी त्याच्या बॅगेशेजारची जागा रिकामी होती.

प्रदर्शन संपल्यावर मी डबी घेऊन आलो. त्या मुलीनं कागदात जपून गुंडाळून दिली होती. घरी कागद सोडला, मकबरा डबीतून काढला आणि कधी नव्हे तो तळहातावर घेऊन तोलून पाहिला. आतून नुसता पोकळ. लोणच्याच्या बरणीला वजन होतं, चिवड्यालाही थोडंफार असेल. याला नव्हतंच.