काचेच्या पेटीतलं मीठ घेऊन नव्या रायपूरला

आठ दिवस काचेच्या पेटीत रोज रंगीत वाळूचा एक थर टाकला. सगळ्यांच्या तळाशी मिठाऐवजी सिलिकॉनचा लगदा; तेच आमचं मीठ. वरचं ओझं वाढलं की जमिनीत पुरलेलं मीठ कणकेसारखं सरकतं, थर वाकवतं, वर घुसतं. पृथ्वीला लाखो वर्षं लागतात. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या व्हरांड्यात आठवडा पुरला. कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही, पण रोज संध्याकाळी काचेवर कागद धरून थर गिरवले, मिलिमीटर मोजून.

नव्या रायपूरला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी फोनवर अट घातली होती: रोजचे कागद पाकिटात बंद ठेवा, फक्त शेवटच्या चित्रावरून, कागदावरच एकेक थर काढत आधीच्या दिवसांकडे मागे जा. जुळलं तर पेटी वर्गात ठेवते.

रविवारी सकाळी निघालो. ऑटो जाता-येताचा ठरवा, परतीला गाडी मिळत नाही. वाळू ओली करून बसवलेली, पेटी बायकोच्या मांडीवर.

"मले काहून? तुमची मांडी काय भाड्याने दिली?"

"माझ्या हातात कागद आहेत."

"हव, कागद लई जड!"

रस्ता मात्र इतका रुंद, गुळगुळीत की वाळूचा कण हलला नाही. वाटेत तांदळाच्या पिठाचा गरम चीला आणि टमाटरची चटणी. बायकोने एका हाताने खाल्ला.

मॅडमच्या टेबलावर नव्या कागदावर मी मागे निघालो. वरचे तीन थर काढून खालचे सरळ केले, पाकिटातल्या कागदांशी ताडले. तंतोतंत! चौथ्याला मीठ त्या दिवसाच्या कागदापेक्षा कमी पडलं. मीठ जाणार कुठे? दोनदा मोजलं. तरी कमीच.

"अहो, मागच्या कोपऱ्यात टेंगूळ आलंय," बायको म्हणाली. "काठ धरला होता ना, अख्खा रस्ता बोटाला लागून राहिलं."

मॅडमनी तारेने पेटीतली वाळू कापली. मागच्या कापात मीठ हे एवढं जाड! काचेपासून आत सरकलेलं. आठ दिवस मी काचेवरचं चित्र म्हणजेच पेटी समजत होतो.

"काका, ही चूक आम्ही पण करतो," मॅडम म्हणाल्या. "एकच काप बघतो, अन् मीठ बाजूने निघून गेलेलं असतं. पेटी ठेवा. अन् हे चुकलेलं चित्र पण, सही करून; वर्गाच्या भिंतीवर लावते. पोट्ट्यांना तेच शिकवायचं आहे."

स्वतःची चूक सहीनिशी भिंतीवर? चित्रावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग सही केली. खाली बायकोचंही नाव लिहिलं.

घरी रोजचे आठही कागद आहेत, सगळे बरोबर. कुणी आलं की दाखवतो. पण त्यांना मिठाची गोष्ट सांगायला लागलो, की हात मॅडमच्या वर्गात राहिलेला तो नववा, चुकलेला कागद शोधतो.