प्रभुभोजनाचा आदला दिवस

आमच्या अमरावतीच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, आणि आदल्या शनिवारी तयारीची उपासना. कोणाविषयी मनात अढी असेल तर त्याच्या घरी जाऊन ती मिटवायची, मगच रविवारी प्रभूच्या द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा, असा रिवाज होता. सतरंज्या, प्याले, आजाऱ्यांच्या भेटी हे सगळं माझ्याकडे असे, आणि ते नीट चाले.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढल्या वर्षी अकोल्याच्या जुन्या शहरातून एक नर्सबाई बदलून आल्या. त्यांना सतरंजीची घडीसुद्धा धड घालता येत नसे. पण त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या की बाया डोळ्यांना पदर लावत. "देवा, मले काई समजून नाई राहिलं," एवढंच म्हणून त्या गप्प व्हायच्या. माझी प्रार्थना क्रमवार असे. आधी आजारी, मग परीक्षेची मुलं, मग पाऊसपाणी, मग पाळकसाहेब. पावसापर्यंत पोचले की मागे कोणीतरी खोकायचं. पुढे पुढे आजारी माणसं माझ्या हातून संत्री घेऊन मलाच विचारू लागली, "नर्सबाई कवा येतीन?" माझा जळफळाट होई.

एका शनिवारी ठरवलं, हे आजच उरकायचं. उपासना सुटल्यावर थेट त्यांच्या खोलीवर गेले. त्या विळीवर कांदे चिरत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, "मी तुम्हाला क्षमा केली आहे."

"मले? कशाची वो बाई?"

मी मुद्दे सांगायला तोंड उघडलं आणि अडले. त्यांनी माझं काही घेतलं नव्हतं, मला काही बोलल्या नव्हत्या. रस्ताभर मी स्वतःच्या मोठेपणावर खूश होत आले होते.

"बसा तं खरं. सांगा."

"तुम्ही प्रार्थना केली की लोक रडतात. माझ्या वेळी खोकतात."

त्या इतक्या हसल्या की विळी बाजूला सारावी लागली. "तुमची प्रार्थना म्हंजे किराण्याची चिठ्ठी हाये, बाई! पन देव वाचत असंन." मग डोळे पुसत म्हणाल्या, "तं उद्या प्याला घेसान का नाई?"

"कसा घेऊ? हेवा गेलेला नाही. आत्ता तुम्ही हसलात, त्याचाही वाटला."

"मंग हेच सांगा ना देवाले," म्हणून त्यांनी तिथेच डोळे मिटले.

मला क्रमच आठवेना. "देवा, मला या बाईंचा हेवा वाटतो," एवढंच निघालं. कोणी रडलं नाही. त्या आमेन म्हणाल्या आणि विळी पुन्हा पुढे ओढली.

रविवारी मी प्याला घेतला. शेवटची प्रार्थना त्यांचीच होती. बायांनी पदर लावले आणि माझा पुन्हा तोच जळफळाट झाला. घरी येऊन मी माझ्या प्रार्थनेचा क्रम बदलला. आधी हेवा, मग आजारी. तो क्रम पुन्हा बदलायची वेळ अजून आलेली नाही.