मंत्रमुग्ध श्रोते आणि आलेली लाईट

आता 'मंत्रमुग्ध' शब्द तुम्हीच काढलात, तर ऐका. फजिती माझीच आहे, खुशाल हसा.

मोठा दुष्काळ सरून गेला होता, त्या दिवसांतली गोष्ट. मी पलूसहून सांगलीच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. बातमी जायची दुपारच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती. आणि कार्यक्रम व्हायचे संध्याकाळी. मग काय करणार? आधीच लिहून टाकायची. शेवट ठरलेला: 'श्रोते मंत्रमुग्ध झाले.' कीर्तन असो, कुस्ती असो, नाहीतर खतावरचं व्याख्यान. पेपरातले एक म्हातारे उपसंपादक एकदा म्हणाले, "अरे, तुझ्या गावात शुद्धीवर कुणी असतं की नाही?"

त्या वर्षी माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी सांगलीतल्या विश्रामबागची, मला मनापासून आवडलेली. होकार अडला होता तिच्या वडिलांपाशी. त्या आप्पांना गाण्याचा भारी नाद. म्हटलं, आपल्या वाचनालयाच्या समारंभात त्यांनाच गायला बोलवावं, म्हणजे काम फत्ते. बातमीतही या वेळी हात सैल सोडला: 'मंत्रमुग्ध श्रोते शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत.'

संध्याकाळी मांडव गच्च भरला. गॅसबत्तीच्या उजेडात आप्पांनी डोळे मिटून आलाप लावला. तेवढ्यात देवळावरचा दिवा पेटला.

"आरं, लाईट आली रं!"

तेव्हा लाईट कवा येईल आणि किती टिकेल, कुणाला ठाऊक? ऊस तर वाळत होता. सगळा मांडव विहिरीवरच्या मोटारी चालू करायला पळाला. आप्पांनी डोळे उघडले, तर समोर नुसत्या पाठी. मंत्रानं भारलेली माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. फक्त मंत्र आप्पांचा नव्हता, वायरमनचा होता.

आप्पा मुक्कामाला आमच्याच घरी. सकाळी चहाबरोबर पेपर आला.

"जागचे हलले नाहीत," आप्पांनी दोनदा वाचलं. "थट्टा करता काय माझी?"

लग्न मोडलं, असंच वाटलं मला. "आप्पा, लोक खरंच रंगले होते. नाइलाजानं गेले."

"लोकांचं सोडा. सगळ्यात पुढची पाठ कुणाची होती?"

मी खाली बघितलं. "आवं आप्पा, आमचा ऊस लय वाळला होता."

आप्पांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. मग हसू आवरेना त्यांना. "पोरगी देतो. उसासाठी एवढा पळणारा माणूस तिला उपाशी ठेवायचा नाही. पण लग्नाची बातमी लग्न लागल्यावर लिहायची."

लग्न झालं, बातमीही नंतरच लिहिली. पण आजही बायको काही सांगत असली आणि मी मान डोलवत ऐकायला लागलो, की ती मधेच थांबते.

"मंत्रमुग्ध झालाय, का लाईटची वाट बघताय?"